कुंकुमपत्रिकेचे वळण

भाचीचे लग्न ठरले आणि पत्रिकेचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. घरात कोणी मराठीचे अध्यापन करीत असले की अशी कामे न मागता वाट्याला येतात. मजकूर एका संध्याकाळी लिहून झाला. प्रश्न उभा राहिला तो त्यानंतर. "मावशी, मला आजीच्या लग्नातल्यासारखी जुन्या वळणाची पत्रिका हवी आहे. फाँट कोणता घेऊ?" असे तिने विचारले आणि संगणकावर निवडून ठेवलेले सात-आठ नमुने माझ्यासमोर मांडले. नमुने देखणे होते. कुठे पोथीतल्यासारखे ठसठशीत काने होते, कुठे शिरोरेघेच्या टोकांना वेलबुट्टी होती. परंतु पहिल्याच नमुन्यात 'वऱ्हाडी मंडळींसह' या शब्दांपाशी डोळा अडखळला. त्या फाँटला आपला 'ऱ्ह' ठाऊकच नव्हता. खाली टिंब दिलेला र, त्याच्या पायाशी हलन्ताची रेघ आणि पलीकडे सुटा ह, अशी त्या जोडाक्षराची शकले झाली होती. लग्नाच्या पत्रिकेत नेमके वऱ्हाडच मोडून पडले होते.

दुसऱ्या नमुन्यातला ळ इतर अक्षरांच्या पंगतीत परक्यासारखा बसला होता. तिसऱ्यातले ल आणि श हिंदी पाठ्यपुस्तकातून उचलून आणल्यासारखे होते. हे सारे नमुने 'जुने' या नावाखाली मिळाले होते, आणि आजीच्या पत्रिकेशी मात्र त्यांतल्या एकाचेही नाते लागत नव्हते. तेव्हा भाचीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले: मराठी अक्षराचे जुने वळण म्हणजे नक्की कोणते? कोणाच्या हातचे, कोणत्या साधनातून निघालेले आणि कोणत्या कामासाठी घडलेले? पत्रिकेसारख्या चिमुकल्या कागदासाठी हा खटाटोप मोठा वाटेल. परंतु सामान्य मराठी कुटुंबाला आयुष्यात एखाद-दोनदाच काही छापून घ्यावे लागते आणि ते बहुधा पत्रिकेच्या निमित्तानेच. अक्षरांच्या इतिहासाशी त्याची गाठ पडते ती तेथेच.

१

छापील पत्रिका ही आपल्याला वाटते तितकी जुनी गोष्ट नाही. अक्षत द्यायला घरोघर जाणे ही आमंत्रणाची मूळ रीत. परगावच्या आप्तांना पत्र जाई आणि ते पत्र मोडीत असे. मोडी ही व्यवहाराची, पत्रांची, हिशेबाची लिपी. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जायचे, अशी तिची चाल. पोथीची लिपी वेगळी. ती बाळबोध, म्हणजे आजची आपली देवनागरी. बोरूने सावकाश, एकेक अक्षर सुटे बांधून लिहिलेली. एकाच माणसाच्या हातात ही दोन वळणे दोन प्रसंगांसाठी असत.

मुद्रणकला मराठीच्या दारात आली तेव्हा या दोन्ही लिप्या तिच्यासमोर होत्या. श्रीरामपूरच्या विल्यम केरीने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापले ते देवनागरी खिळ्यांनी. त्याचा १८१० चा कोश मात्र मोडी खिळ्यांनी छापलेला आहे. व्याकरण निघाले त्याच वर्षी मिरजेला ताम्रपटांवर कोरलेल्या अक्षरांवरून गीता छापली गेली. म्हणजे आरंभी मोडीचे खिळे पाडण्याचा मार्ग बंद नव्हता. पण मुंबईत १८१७ च्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्याचे काम सुरू झाले, पुढे शाळाखात्याची पुस्तके आणि नियतकालिके निघू लागली, आणि मुद्रणाने बाळबोध पत्करली. मोडी हस्तलिखिताच्या प्रांतात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतून व दफ्तरातून निवृत्त झाली.

याचा पत्रिकेशी संबंध असा की, लग्नाचे आमंत्रण छापले जाऊ लागले तेव्हा घरगुती पत्राने पोथीची लिपी अंगावर घेतली. मायना पत्राचाच राहिला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे शब्द पत्रव्यवहाराच्या भाषेतले आहेत. माथ्यावरचा 'श्री' पत्रावरही असे आणि पोथीवरही. परंतु अक्षर पोथीचे झाले. आपल्याला पत्रिकेच्या पानात जो धार्मिक भारदस्तपणा जाणवतो, त्याचा काही भाग या लिप्यंतरातून आलेला आहे असे मला वाटते. आज कोणी हौसेने पत्रिकेवर मोडीतली एखादी ओळ घालतो तेव्हा ती ओळ गूढ आणि प्राचीन दिसते. प्रत्यक्षात ती त्या पानावरची सर्वांत घरगुती, रोजच्या वापरातली लिपी होती. विस्मरणाने तिला गूढ केले आहे.

२

छापलेला कागद मंगलकार्याला चालेल की नाही, हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खरा प्रश्न होता. छापखाना मिशनऱ्यांचा आणि शाईत प्राण्यांची चरबी असते हा समज. या शंकेतून वाट काढणारा माणूस म्हणजे गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून त्यांनी स्वतःचा शिळाछापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये मराठीतले पहिले छापील पंचांग काढले. सोवळ्याचा आक्षेप येऊ नये म्हणून त्यांनी शाईत तूप वापरले असे सांगितले जाते. तपशिलाचा भाग सोडला तरी त्या आठवणीतला मुद्दा महत्त्वाचा आहे. छापील कागदाला देवघरात प्रवेश मिळाला तो पंचांगाच्या रूपाने. लग्नाचा मुहूर्त ज्या पंचांगातून निघतो ते पंचांगच छापील झाले, तर त्या मुहूर्ताची वार्ता देणारा कागद छापील असण्याला आडकाठी कशी राहणार?

शिळाछापाचे अक्षर हे खिळ्याचे अक्षर नव्हे. लेखनिकाने विशेष शाईने लिहायचे, ते लेखन दगडावर उतरवायचे आणि त्या दगडावरून प्रती काढायच्या, अशी ती रीत. त्यामुळे शिळाछापाची पाने म्हणजे हस्ताक्षराच्या शेकडो प्रती. एकाच पानात दोन 'क' तंतोतंत सारखे नसतात. ओळीच्या शेवटी जागा कमी पडली तर अक्षरे आक्रसून बसतात, जागा उरली तर काना सैल सुटतो. बोरूचे टोक तिरपे कापलेले असल्याने जाड आणि बारीक रेघांची आवर्तने मनगटाच्या वळणाप्रमाणे येत राहतात. रोमन अक्षरात ज्या बाजूच्या वळणाला जाडी येते, साधारण तिच्या उलट बाजूला ती बोरूच्या देवनागरीत येते. हा बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रोमन अक्षरांच्या जुन्या घाटावरून बेतलेल्या काही देवनागरी फाँटांत ही जाडी भलत्या जागी पडते. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण अक्षर उलट्या हाताने लिहिल्यासारखे भासत राहते.

३

आजीची पत्रिका ट्रंकेत मिळाली. शके १८७६, म्हणजे १९५४ सालची. फिकट गुलाबी कागद, लाल शाई, वर गणपतीचा लहानसा ठसा, चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे. कागद उलटा करून बोट फिरवले की अक्षरांचे उंचवटे अजून हाताला लागतात. ही खिळाछपाईची खूण. शिशाच्या मिश्रधातूचा खिळा कागदात रुतून जातो आणि पाठीमागे आपली आठवण ठेवतो.

त्या पत्रिकेतली अक्षरे ज्या घराण्यातली आहेत त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल असा माणूस म्हणजे जावजी दादाजी (१८३९–१८९२). अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते लहानपणीच खिळे घासण्याच्या कामावर तुटपुंज्या पगाराने लागले. त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने देवनागरीचे अधिक लहान आणि सुबक खिळे पाडून मुंबईच्या मुद्रणाला वळण लावले होते. जावजींनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे पंच कोरण्याचे कौशल्य होते त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांच्या हातात. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतून निघालेली ही अक्षरे पुढे मराठी आणि संस्कृत ग्रंथमुद्रणाची मानदंड ठरली. १८८१ पासून निघालेले विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक, १८८६ मध्ये सुरू झालेली 'काव्यमाला', आणि संस्कृत ग्रंथांच्या कितीतरी आवृत्त्या या अक्षरांनी वाचकांपर्यंत नेल्या. संस्कृतचे जुने अभ्यासक अजूनही 'निर्णयसागर प्रत' असे म्हणतात तेव्हा त्यात पाठाच्या शुद्धतेइतकाच छपाईच्या स्वच्छतेचा गौरव असतो.

या अक्षरांचे सौंदर्य कशात आहे? वेलबुट्टीत नक्कीच नाही. काना सरळ आणि ठाम, गोलाई भरदार, शिरोरेघ अखंड पण अक्षरावर स्वार न होणारी, आणि जोडाक्षरे पूर्ण बांधलेली. 'शुद्ध' मधला द्ध, 'द्वितीया' मधला द्व, 'आह्वान' मधला ह्व ही सगळी आपापल्या देहासह स्वतंत्र खिळे होती. देवनागरीच्या एका संचाला खिळे शेकड्यांनी लागत ते यामुळेच. जुळाऱ्यासमोरच्या पेटीत घरांवर घरे असत. मुंबईकडच्या 'डिग्री' पद्धतीत मात्रा, अनुस्वार, उकार हे वेगळे खिळे अक्षराच्या वर आणि खाली स्वतंत्र थरांत जुळवावे लागत. 'अखंड' पद्धतीत ते अक्षरासह एकाच खिळ्यावर ओतलेले असत. दोन्ही पद्धतींत कष्ट होते आणि ते कष्ट अक्षराला पूर्ण ठेवण्यासाठी होते.

याच मुंबई वळणाचा प्रभाव पुढे महाराष्ट्राबाहेरही पसरला. अ, झ आणि ण यांची उत्तरेतली जुनी रूपे बाजूला पडून प्रमाण हिंदीनेही मुंबईकडची रूपे स्वीकारली. ल आणि श यांच्या बाबतीत मात्र दोन वळणे वेगळी राहिली. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची ओळख महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात अधिकृतपणे नोंदवली. आमच्या भाचीच्या तिसऱ्या नमुन्यातील परकेपण या इतिहासातून आले होते. त्या फाँटमध्ये दोष काही नव्हता, पण त्याचे गाव वेगळे होते.

४

आजीच्या आणि भाचीच्या पत्रिकांमध्ये जी सत्तर वर्षे गेली त्यांत अक्षरांवर दोन विरुद्ध दिशांनी बळे काम करीत होती. पहिले बळ यंत्राचे. लिनोटाइपच्या कळफलकावर नव्वद कळा असतात. टंकलेखन यंत्रावर त्याहून कमी. शेकडो खिळ्यांची लिपी एवढ्या कळांत बसवायची तर कुठेतरी काटछाट अटळ होती. १९३० च्या दशकात हरी गोविल यांनी देवनागरी लिनोटाइपवर आणली, त्याच सुमारास लिपिसुधारणेच्या चळवळीही जोरात होत्या. टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी प्रयोग केले होते. सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारिली. या सर्वांच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. वर्तमानपत्र स्वस्त आणि वेगाने छापायचे तर मार्ग काढणे भागच होते. परंतु उभी बांधलेली जोडाक्षरे मोडून त्यांत हलन्ताची रेघ दिसू लागली ती या काळात, आणि पुढच्या पिढ्यांना तेच स्वाभाविक वाटू लागले.

दुसरे बळ होते हाताचे. यंत्राने अक्षर जितके आखडले तितके चित्रकारांनी ते मोकळे केले. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, द. ग. गोडसे यांची पुस्तकांची वेष्टने, आणि विशेषतः कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके आठवून पाहावीत. शेडग्यांच्या हातून नाटकाचे नाव असे उतरे की प्रयोगाचा स्वभाव अक्षरांतच कळावा. ही अक्षरे फाँट नव्हेत. ती एकेका नावासाठी घडवलेली रेखाटने आहेत. आज 'रेट्रो' म्हणून जे वळण पत्रिकांवर दिसते ते पुष्कळदा या काळाचे अनुकरण असते आणि तेथेच फसगत होते. एका नाटकाच्या नावासाठी घडलेला डौल पत्रिकेच्या बारा-पंधरा ओळींना लावला की प्रत्येक ओळ शीर्षक होऊ पाहते आणि वाचणाऱ्याला कार्यस्थळाचा पत्ता सापडत नाही.

नव्वदच्या दशकात डीटीपी आले. सी-डॅकचे 'सुरेख' आणि 'योगेश', पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' यांनी पत्रिका छापणाऱ्या गल्लीबोळांतल्या दुकानांचा चेहरा बदलला. खिळ्यांच्या पेट्या वजनावर विकल्या गेल्या. आमच्या गावातल्या एका छापखान्याच्या मागील अंगणात पावसात भिजणारे खिळे मी शाळकरी वयात पाहिले आहेत. मुले त्यांतली अक्षरे उलटी वाचण्याचा खेळ खेळत. पुढे युनिकोडवर आधारलेले फाँट आले. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या हातचा. संगणकाच्या पडद्यासाठी घडलेले ते अक्षर पत्रिकेवर वापरले जाते तेव्हा ते केविलवाणे दिसते, पण तो जोशींचा दोष नव्हे. ज्या कामासाठी अक्षर घडले त्या कामापासून ते तोडले की असे होते.

गंमत अशी की, यंत्राने लादलेली काटछाट आता उरलेली नाही. आजच्या फाँटमध्ये हजारो अक्षररूपे मावतात. जावजींच्या जुळाऱ्याला ज्या द्ध साठी पेटीत हात घालावा लागे तो आता आपोआप बांधून मिळू शकतो. तरीही आपण मोडकी जोडाक्षरे असलेले फाँट वापरतो, कारण आपल्याला ती मोडकी आहेत हेच दिसेनासे झाले आहे.

५

एवढा प्रवास झाल्यावर भाचीच्या प्रश्नाकडे परतता येते. 'जुने वळण' असे एकच काही नाही. निदान चार वळणे आहेत: पोथीच्या बोरूचे, शिळाछापाचे, निर्णयसागरी खिळ्याचे आणि विसाव्या शतकातील चित्रकाराच्या कुंचल्याचे. पत्रिकेसाठी यांतले कोणते घ्यायचे हे घराने ठरवावे. पण एकाच कागदावर चौघांना बोलावू नये. दोन पुरेत. एक मजकुरासाठी, एक नावांसाठी.

आज उपलब्ध असलेल्या फाँटांत या वळणांचे वारस शोधता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने करवून घेतलेला 'यशोमुद्रा' ग्रंथमुद्रणाच्या परंपरेतला आहे. आयआयटी मुंबईचा 'शोभिका' त्याच अक्षरांवर उभा आहे आणि संस्कृतची अवघड जोडाक्षरेही तो नेटकी बांधतो. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा 'जैनी' हा कल्पसूत्राच्या हस्तलिखितांच्या वळणावरून घडवलेला आहे. पोथीचा भास हवा असेल तर तो समोर येतो. मात्र ते पश्चिम भारतातील जैन लेखनपरंपरेचे वळण आहे, कोकणातल्या भटजींच्या पोथीचे नव्हे, हे जाणून तो घ्यावा. 'यात्रा वन' रेल्वे स्थानकांवरच्या हातरंगी पाट्यांवरून आला आहे. त्याच्या नावावर जाऊन कोणी तो पत्रिकेला लावला, तर पाहुण्यांना फलाटावर उतरल्यासारखे वाटेल. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'रोझा वन' मध्ये जाड-बारीक रेघांतला विरोध टोकाचा आहे. वधूवरांची नावे मोठ्या आकारात लावायला तो शोभतो, पण लहान आकारात त्याच्या बारीक रेघा विरून जातात.

नावावरून किंवा रूपावरून फाँट पसंत करण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा ठरवली. पत्रिकेतले अवघड शब्द एका ओळीत लिहून प्रत्येक फाँटला वाचायला द्यायचे: श्रीकृपेकरून, ज्येष्ठ, शुद्ध द्वितीया, गुरुवार, आशीर्वाद, कार्यस्थळ, स्वागतोत्सुक, वऱ्हाडी मंडळी. यांतला 'ऱ्ह' हा मराठीचा खास पहारेकरी आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद ज्या लिपीला दाखवता येत नाही तिने लग्नाचे आमंत्रण करू नये. जेवण कोण करणार आणि मंगलाष्टके कोण म्हणणार याचा घोळ होईल. या ओळीनंतर दोन्ही घरांतली सर्व नावे आणि आडनावे त्याच फाँटमध्ये लिहून पाहिली. पत्रिका हा मुळात नावांचा कागद आहे. तिथीवार एक वेळ कोणी फोनवरून विचारून घेईल. पण स्वतःचे नाव मोडके छापलेले पाहणाऱ्याला ते कोणी सांगून भरून निघत नाही. आठ नमुन्यांपैकी सहा या परीक्षेत नापास झाले. उरलेल्या दोहोंतून मजकुरासाठी 'शोभिका' निवडला.

६

अक्षर ठरले आणि भाचीने शेवटचा प्रश्न विचारला. आजीच्या पत्रिकेत 'करण्याचें योजिलें आहे' असे छापले होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पानांवर शिरोरेघेच्या वर टिंबांची पेरणी असे आणि जुन्या पानाच्या देखणेपणात तिचा मोठा वाटा आहे. "आपणही ते अनुस्वार परत टाकायचे का? दिसायला किती छान दिसतं!" मी नको म्हणाले. अक्षराचे वळण हे हाताच्या कसबाचे असते, ते पुढे चालवता येते. अनुस्वार हे त्या काळच्या लिहिणाऱ्याला ठाऊक असलेल्या व्याकरणाचे चिन्ह होते. ते व्याकरण न जाणता दिलेले टिंब म्हणजे नुसती टिकली.

तिने ते मान्य केले आणि मग आजीची पत्रिका माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मग यातलं आणखी एक नको." तोवर माझे सारे लक्ष खिळ्यांच्या घाटाकडे होते, मजकुराकडे नव्हे. आता मी तो वाचला. वराचे नाव, वराच्या वडिलांचे नाव, आजोबांचे नाव. वधूचे नाव एकदा, 'चि. सौ. कां.' या उपाधीसह, आणि लगेच तिच्या वडिलांचे. निमंत्रकांत काका, मामा, थोरले बंधू. दोन्ही मातांची नावे कुठेही नव्हती. सुबक, ठाम, पूर्ण बांधलेल्या त्या अक्षरांनी दोन बायकांना सफाईने वगळले होते. आमच्या नव्या मजकुरातही मी सवयीने वडिलांच्याच नावाने आरंभ केला होता आणि आईचे नाव खाली, लहान आकारात, 'सौ.' लावून घातले होते. मराठी शिकवणाऱ्या बाईने लिहिलेला तो मजकूर होता.

मजकूर पुन्हा लिहिला. दोन्ही घरांच्या आई-वडिलांची नावे एका ओळीत, एकाच आकारात आली. अक्षर निर्णयसागरी वळणाचे, शाई लाल, भाषा आजची. जुन्या वळणातला डौल या बदलाने कमी झाला असे कोणालाच वाटले नाही.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी आजीच्या हातात दिली. तिने ती आधी उलटी केली आणि पाठीवर बोट फिरवले. ऑफसेटच्या कागदाला उंचवटे कुठून येणार? "याला मागून काहीच लागत नाही," ती म्हणाली. मग पत्रिका सुलटी करून तिने ओळीवर बोट ठेवून सगळी वाचली, जोडाक्षरांसकट, कुठेही न अडखळता. नावांच्या ओळीपाशी ती थांबली. "माझ्या आईचं नाव यमुना," एवढेच म्हणाली. घरात आम्हां कोणालाही ते ठाऊक नव्हते.

विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. मुद्रणाच्या इतिहासाचे ग्रंथ बहुधा ग्रंथांबद्दल बोलतात. पत्रिका, निधनपत्रे, हळदीकुंकवाची आमंत्रणे कोणी जपत नाही. आपापल्या घरच्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. सापडेल त्या कागदाचे वळण पाहावे, जोडाक्षरे पाहावीत, शक असल्यास सन काढून मागे पेन्सिलीने लिहावा. आणि त्यावर कोणाचे नाव नाही तेही, घरात सांगणारे कोणी आहे तोवर, विचारून तिथेच लिहून ठेवावे.